मिरजेतली पिओनी

"काकू, फूल कुठलंही असू दे. मी सांगेन तेव्हा उमलतं आणि मी सांगेन तोवर टिकतं," मी म्हणाले, आणि समोरच्या बशीतले चार बेदाणे तोंडात टाकले.

हे मी पद्माकाकू मगदूमांच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून बोलले. मगदूम म्हणजे बेदाण्याचे मोठे व्यापारी, तासगाव रस्त्याला त्यांचं स्वतःचं कोल्ड स्टोरेज. त्यांच्या मुलीचं, सन्मतीचं लग्न मे महिन्यात मिरजेत ठरलं होतं, आणि काकूंनी मोबाइलवर मला एक फोटो दाखवला होता. परदेशातल्या कुठल्याशा नवरीच्या हातात कोबीच्या गड्ड्याएवढी फुलं होती. रंग पोवळ्याचा.

"पिओनी," मी लगेच म्हणाले.

तोवर मी पिओनी हातात धरलेली नव्हती. पुण्याला पुष्परचनेचा कोर्स केला होता, तिथे ती पडद्यावर दाखवली होती. पण जाती पाठ होत्या. सारा बर्नहार्ट फिकट गुलाबी, घराणं जुनं, पण मान टाकते. डचेस द नेमूर पांढरी आणि वासाची. रेड चार्मला इतक्या पाकळ्या की मधलं काही दिसायचं नाव नाही. आणि तुमच्या फोटोतली ती कोरल चार्म. काकूंना डचेस हे नाव फार आवडलं, दोनदा म्हणून बघितलं, पण रंगामुळे सोडून द्यावं लागलं. कारण बाकी सगळं आधीच कोरल ठरलेलं होतं. सन्मतीचा शालू, करवल्यांच्या साड्या, पुरुषांचे फेटे, मंडपाचं कापड, पाण्याच्या बाटल्यांना बांधायची रिबन. घरातल्या कुणी या रंगाला गाजरी म्हटलं की काकू जेवणावरून उठायच्या.

एवढा अट्टाहास कशासाठी, तर विहिणीसाठी. कोल्हापूरच्या त्रिशलाबाई चौगुले. साखरपुड्याला त्यांनी हॉलभर नजर फिरवली होती आणि शांतपणे म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे रंगीबेरंगी आवडतं वाटतं." त्यानंतर काकूंनी आठवडाभर धड काही खाल्लं नाही, आणि मग एक रंग धरला. विहिणीसाठीसुद्धा त्याच रंगाची सिल्कची साडी कोल्हापूरला पाठवून दिली.

माझंही त्या लग्नावर बरंच काही लागलेलं होतं. मार्केटच्या कोपऱ्यावर आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हारांची टपरी. आप्पांचे गुडघे गेले होते आणि त्यांनी टपरी बाबालाल मुजावरला रसवंतीसाठी द्यायची असं मनात घेतलं होतं. मी म्हणत होते मला द्या, मी तिथे बुके करीन, लग्नं घेईन. आप्पांनी शेवटी अट घातली. एक लग्न नीट करून दाखवायचं. जमलं तर टपरी माझी. नाही जमलं तर टपरी बाबालालची, आणि मी मामाच्या सिमेंटच्या दुकानात बिलं फाडायला बसायचं.

बाबालालभाई माणूस चांगला. दोन-चार दिवसांनी टेप घेऊन यायचे, काउंटरची लांबी मोजायचे आणि मला म्हणायचे, "तुझं जमू दे गं कावेरी. मी आपलं माप घेऊन ठेवतोय."

लग्नाच्या तीन दिवस आधी हॉलंडचा माल मुंबईमार्गे आला. लांबलचक खोकी. मी टपरीवरच एक फोडलं. आप्पा, बाबालालभाई आणि शेजारचे दोन-तीन नारळवाले बघायला जमले. आत हिरव्यागार दांड्यांच्या जुड्या, आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला एक गोळा. घट्ट, गुळगुळीत, मोठ्या सुपारीएवढा.

आप्पांनी एक दांडी उचलली आणि गोळा काउंटरवर आपटला. टक् असा आवाज आला.

"हे फूल?"

मी सांगितलं की ही अशीच पाठवतात, मिटलेली, म्हणजे प्रवासात मोडत नाही. उमलली की ताटलीएवढी होते. आप्पांनी गोळा पुन्हा आपटून बघितला. त्यांच्या उभ्या आयुष्यात मिटलेला माल म्हणजे परत करायचा माल.

तेवढ्यात मुंग्या आल्या. पिओनीच्या कळीला साखरेसारखा चिकट रस सुटतो, हे मला ठाऊक होतं. मिरजेतल्या मुंग्यांनाही ते पाच मिनिटांत कळलं. बाबालालभाईंनी कळीला बोट लावून चाटलं आणि म्हणाले, "मुंग्या लागल्या म्हणजे माल गोड आहे." हे त्यांनी फार विचार करून सांगितलं.

एक जुडी मी अडीअडचणीला म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळून काउंटरखाली ठेवली आणि आप्पांना म्हटलं, याला हात लावू नका. बाकीचा माल मगदूमांच्या कोल्ड स्टोरेजला नेला. तिथे काकू स्वतः हजर होत्या. बेदाण्याच्या गोदामात मुंगी शिरली म्हणजे संपलंच, आणि मगदूम पडले जैन, तेव्हा मुंगीला इजा करायचीही सोय नाही. मग मी, गोदामाचा मॅनेजर आणि दोन हमाल, आम्ही दाराशी बसून मोरपिसाने एकेक मुंगी कागदावर उतरवली आणि पलीकडच्या लिंबाखाली नेऊन सोडली. त्यात दुपार गेली. मॅनेजर जाताना म्हणाला, ताई, काळजी करू नका, काकूंचा माल आहे, आम्ही जपतो.

त्याने खरंच जपला. काकूंची फुलं म्हणून त्याने थंडी आणखी वाढवली. आदल्या दिवशी मी माल बाहेर काढला तेव्हा कळ्या आल्या होत्या तशाच होत्या, फक्त जास्त कडक. मंगल कार्यालयात बादल्या भरून ठेवल्या, म्हटलं आता उमलतील. लग्नाच्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर अख्ख्या मंडपात सुपाऱ्या उभ्या.

काकू आल्या. कोरल साडी, कोरल बांगड्या. त्यांनी बादल्यांच्या रांगेवरून नजर फिरवली.

"कावेरी, हे तू सांगितल्यावर उमलणार होतं ना?"

"हो काकू."

"मग सांग की."

माझ्याजवळ एकच उपाय होता. दांड्या खालून तिरक्या कापायच्या आणि कोमट पाण्यात ठेवायच्या. कार्यालयाच्या मागे तांब्याचा थोरला बंब पेटवलेला होता. मिरजेत मे महिन्यात गरम पाणी लागतं कुणाला, म्हणून मी तो सगळा रिकामा केला. बादल्यांमधलं गार पाणी ओतलं, बंबातलं भरलं, हात घालून बघितला, बेताचं कोमट वाटलं.

तो बंब वरपक्षाच्या अंघोळीचा होता.

म्हणजे चौगुल्यांना काही गरम पाण्याची फार गरज होती असं नाही. त्या दिवसांत नळाचंच पाणी चटका देत होतं. पण वरपक्षाला कार्यालयात गरम पाणी मिळालं पाहिजे, हा हवामानाचा प्रश्नच नसतो. नवऱ्या मुलाचे मामा पंचा लावून, खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघरात गेले, तोटी सोडली, आणि तसेच बाहेर आले. त्यांनी बंब बघितला. बंबापासून मंडपापर्यंत सांडलेल्या पाण्याची ओळ बघितली आणि त्या ओळीवरून चालत माझ्यापर्यंत आले.

"आमच्या आधी यांची अंघोळ?" त्यांनी कळ्यांकडे बोट दाखवून विचारलं.

मी समजावून सांगायला गेले की या हॉलंडहून आल्यात. मामा म्हणाले, आम्ही कोल्हापूरहून आलोय.

पाव तासात बातमी वरच्या मजल्यावर गेली. चौगुल्यांच्या खोल्यांची दारं बंद झाली. निरोप आला की आमचं कुणी खाली येणार नाही, तुम्ही तुमच्या फुलांचं लग्न लावून घ्या. पद्माकाकूंचे यजमान दोनदा वर जाऊन आले. दुसऱ्या वेळी त्यांच्यासाठी दार उघडलंसुद्धा नाही. काकू खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की मुलीचं लग्न मोडलं तर मी तुला काही बोलणार नाही, पण मला फक्त एकदा हे उमललेलं दाखव.

आणि ते उमलायला लागलं.

कोमट पाणी आणि वरून मिरजेचं ऊन. बाहेरच्या पाकळ्या सैल झाल्या, मग आतल्या, आणि बघता बघता सगळा मंडप भरला. मी आयुष्यात पुष्कळ फुलं हाताळलीत, पण तसं काही पुन्हा बघितलं नाही. ताटलीएवढी फुलं, मध्ये पिवळाधमक केसरांचा पुंजका, आणि रंग बरोबर काकूंच्या साडीचा. काकूंनी पदर एका फुलाला लावून बघितला. पदर कुठे संपतो आणि फूल कुठे सुरू होतं ते कळेना. त्या वेळी काकू जरा हसल्या. मीही हसले. हे साधारण अर्धा तास टिकलं.

मी स्टेजच्या दोन्ही बाजूंना फुलं लावत होते तेव्हा मला वाटलं की डाव्या बाजूची जरा फिकी दिसतायत. म्हटलं उजेडाचा फरक असेल. मग उजवी बाजूही तशी दिसायला लागली. पोवळ्याचा रंग होता तो पिकल्या आंब्याच्या सालीवर आला, तिथून हरभऱ्याच्या डाळीवर, आणि पुढेही उतरतच गेला.

पुण्याच्या कोर्सला कोरल चार्मची पहिली स्लाइड दाखवली तेव्हा मी वर्गात होते. दुसरी दाखवली तेव्हा चहा प्यायला खाली गेले होते. दुसऱ्या स्लाइडवर हे होतं. ही जात उमलताना कोरल असते आणि मग दर दिवशी फिकी होत होत शेवटी साईच्या रंगाची होते. हॉलंडला म्हणे याला चार-पाच दिवस लागतात. लोक रोज सकाळी उठून कौतुकाने बघतात. मिरजेच्या उन्हाने ते काम जेवणाआधी उरकलं.

नेमके त्याच वेळी आप्पा आले. बाबालालभाईंच्या स्कूटरवर मागे बसून, नवा सदरा घालून. दाराशी उभं राहून त्यांनी बघितलं. वरच्या गॅलरीत मामा टॉवेल खांद्यावर टाकून अजून कुणाला तरी सांगत होते. खाली काकू कपाळाला हात लावून बसल्या होत्या. आणि मंडपभर फुलं पांढुरकी पडत होती. हारवाल्याच्या धंद्यात रंग सोडलेलं फूल म्हणजे कालचं फूल.

"उतरला गं माल," आप्पा हळूच म्हणाले. रागावले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि न जेवताच परत गेले.

मी काकूंकडे गेले. सगळे फेटे कोरल, सगळ्या साड्या कोरल, कापड कोरल, बाटल्यांच्या रिबनी कोरल. फुलं सोडून मंडपात एकही गोष्ट रंगाबाहेर नव्हती.

"हा कुठला रंग?" काकूंनी विचारलं.

"कोरलच आहे काकू. जरा वय झालंय."

काकू काही बोलणार, तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. मुहूर्त जवळ आला होता, आणि नवऱ्या मुलानेच आईला सांगितलं होतं की गरम पाण्यावाचून लग्न होतं. त्रिशलाबाई एकेक पायरी उतरत खाली आल्या. काकूंनी पाठवलेली कोरल साडी त्यांनी नेसलेली नव्हती. मुद्दाम. सगळ्यांच्या देखत काकूंचा रंग नाकारायचा म्हणून त्या स्वतःची साडी नेसून आल्या होत्या. रेशमी, बिनजरीची, साईच्या रंगाची.

वाजंत्रीवाल्यांनी सनई तोंडातून काढली.

त्रिशलाबाई शेवटच्या पायरीवर थांबल्या. त्यांना बघायचा होता तो काकूंचा चेहरा. पण आधी फुलं दिसली. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग आपल्या पदराकडे बघितलं. पदर कुठे संपतो आणि फूल कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

"ही फुलं कुणी ठरवली?" त्यांनी विचारलं.

पद्माकाकू खुर्चीवरून उठल्या. त्या कधी खोटं बोलत नाहीत अशी सगळ्या मिरजेत त्यांची ख्याती होती, आणि ती पुढेही तशीच राहिली.

"विहीणबाई, आम्ही सगळे एका रंगात," काकू म्हणाल्या. "मान तुमचा एकटीचा."

त्रिशलाबाईंनी पुढे होऊन काकूंचे दोन्ही हात धरले. मामांनी वरून पाण्याचं काहीतरी काढलं, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, "फुलांना पाणी लागतंच दादा. तू काय कोमेजणार होतास?"

लग्न लागलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. माणसं फुलांजवळ उभी राहून फोटो काढायला लागली. काकू मला एका बाजूला घेऊन गेल्या आणि कानात विचारलं, "ती कुठली साडी नेसणार हे तुला कसं कळलं गं?"

"आमचं कामच आहे ते," मी म्हणाले.

जेवणाच्या आधी त्रिशलाबाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न पुढच्या मे महिन्यात, कोल्हापूरला, यापेक्षा मोठं. "फुलं तूच करायचीस," त्या म्हणाल्या. "फक्त आधी माझी साडी बघून जा." मी मान डोलावली. मनात टपरीवर नवी पाटी लावूनसुद्धा झाली. अक्षरं कोणत्या रंगात, एवढंच ठरायचं होतं.

मग घरच्यांचा मोठा फोटो ठरला. मध्ये त्रिशलाबाई, भोवती सगळे कोरल. त्यांच्या हातात द्यायला मी मंडपातली सगळ्यांत मोठी फुलं निवडून सॅटिनच्या रिबनीने जुडी बांधली. त्या उभ्या राहिल्या, जुडी छातीशी धरली. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, जरा इकडे.

त्या जरा तिकडे झाल्या.

गुलाब झडतो तो एकेक पाकळी करून. शेवंती तर नुसती वाळते. पिओनीचं तसं नाही. तिची वेळ झाली की ती सगळीच्या सगळी एकदम सोडते, आणि त्यासाठी फार काही लागत नाही. हलकासा धक्का पुरतो. सगळ्या जुडीच्या पाकळ्या एका क्षणात त्रिशलाबाईंच्या पायावर पडल्या. त्यांच्या हातात रिबन बांधलेल्या हिरव्या काड्या आणि टोकाला पिवळे पुंजके राहिले. फोटो त्याच वेळी निघाला. तो अजून चौगुल्यांच्या अल्बममध्ये आहे असं मी ऐकलं.

मामा हसले. त्या आवाजाने स्टेजवरची डावी बाजूही गळाली.

त्रिशलाबाईंनी काड्या माझ्या हातात दिल्या. "पाठवणीच्या आत दुसरा बुके आण," त्या म्हणाल्या. "मग पुढच्या वर्षीचं बोलू."

मी घाबरले नाही. टपरीत काउंटरखाली ओल्या पोत्यात एक जुडी होतीच, मिटलेली, ताजी. कोमट पाण्यात धरली की पाठवणीपर्यंत उमलली असती. रंग कोरल आला असता, पण पाठवणीला साडी बदलून काकूंनी दिलेली नेसायला विहीणबाई कबूल झाल्या होत्या. सगळं जुळत होतं. मी काकूंच्या भाच्याची स्कूटी घेतली आणि मार्केट गाठलं.

टपरीवर हाराच्या दोऱ्या नव्हत्या. दाराला लिंबू-मिरची होती, आत उदबत्ती लावलेली होती, आणि मधोमध बाबालालभाईंचा उसाचा नवा कोरा चरक उभा होता. बोल्ट मारून जमिनीत बसवलेला. आप्पांनी कार्यालयातून परत येताच शब्द देऊन टाकला होता, आणि बाबालालभाईंचं माप महिनाभर आधीच तयार होतं. आप्पा स्टुलावर पाहुण्यासारखे बसले होते.

मी दारातूनच सांगितलं की लग्न झालं, विहीण खूश आहे, पुढच्या वर्षाची मोठी ऑर्डर देतेय, फक्त ती पोत्यातली जुडी पटकन द्या.

आप्पांनी बाबालालभाईंकडे बघितलं. बाबालालभाईंनी चरकाकडे बघितलं.

"कसं असतं कावेरी," बाबालालभाई म्हणाले, "नव्या चरकाच्या रोलरांना ग्रीस असतं. ऊस घालायच्या आधी काहीतरी टाकाऊ पाला-दांड्या घालून ते पुसून काढावं लागतं."

"ती काही उमलत नव्हती गं," आप्पा म्हणाले. "मी म्हटलं परतीचा माल आहे."

चरकाच्या पलीकडे चपट्या झालेल्या दांड्यांचा ढीग पडला होता. त्यात कुठे कुठे पोवळ्याचा रंग दिसत होता. बरोबर काकूंच्या साडीचा. मुंग्या आधीच आल्या होत्या.

बाबालालभाईंनी मग ऊस घातला, आलं घातलं, लिंबू घातलं, चाक फिरवलं, आणि पहिला ग्लास रीतीप्रमाणे आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो सावकाश संपवला, मिशी पुसली.

"आलं जरा जास्त झालंय, बाबालाल," ते म्हणाले.